नऊ हजार नव्वद तुकड्यांचे जहाज

जोडण्याच्या ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीच्या टायटॅनिक या सेटचे (क्रमांक १०२९४) कौतुक करणारे आणि त्याच्या किमतीवर नाक मुरडणारे लिखाण भरपूर झाले आहे. तरीही त्यात भर घालावीशी वाटते, कारण ते बहुतेक सारे बांधून तयार झालेल्या जहाजाबद्दल आहे आणि या सेटमधले सर्वांत चांगले काम तयार जहाजात दिसतच नाही. ते आत असते, एकेका मजल्याखाली झाकले जाते आणि बांधणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊकही होत नाही. हा सेट घ्यावा की न घ्यावा, हे माझ्या मते एवढ्या एकाच गोष्टीवर ठरावे.

आधी मोजमापे. सेट नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आला. तुकडे ९,०९०, शिफारस अठरा वर्षांपुढच्यांसाठी, प्रमाण १:२००. तयार जहाजाची लांबी १३५ सेंटिमीटर, उंची ४४ आणि रुंदी १६. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीतून बाहेर पडलेले मूळ जहाज सुमारे २६९ मीटर लांब होते. त्याला दोनशेने भागले की एकशे साडेचौतीस सेंटिमीटर येतात, म्हणजे लांबीत कंपनीने हात आखडता घेतलेला नाही. आधीच्या वर्षी आलेल्या कोलोसियमच्या सेटमध्ये ९,०३६ तुकडे होते, आणि पुढच्याच वर्षी आयफेल टॉवरने दहा हजार एक तुकड्यांनिशी या दोघांनाही मागे टाकले. तुकड्यांच्या या चढाओढीला मी फारसे महत्त्व देत नाही. हजारभर तुकडे निव्वळ फरशी घालण्यात जाऊ शकतात आणि शंभर तुकड्यांत एखादे यंत्र उभे राहू शकते.

प्रमाणाचा विचार मात्र नीट करायला हवा, कारण या सेटचे बरेवाईट दोन्ही त्यातूनच निघते. लेगोच्या ठोकळ्यावरील बटणे एकमेकांपासून आठ मिलिमीटर अंतरावर असतात, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते आणि त्याच्या एक तृतीयांश जाडीची पट्टी ३.२ मिलिमीटरची. एकास दोनशे या प्रमाणात पाच फूट सात इंचांचा माणूस साडेआठ मिलिमीटर उंच होतो, म्हणजे दोन बटणांमधल्या अंतराहून जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त. त्यामुळे या जहाजावर माणसे नाहीत आणि असूही शकत नाहीत. पलंग, मेज, बाक, पियानो हे सगळे दोन-तीन चिमुकल्या तुकड्यांच्या सूचनेवर भागवावे लागते. ज्यांना लेगो म्हटले की पिवळ्या चेहऱ्याची छोटी माणसे आठवतात, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे; आमच्या घरातल्या आठ वर्षांच्या भाचीने "पण कप्तान कुठंय?" हा प्रश्न विचारला आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ती त्या जहाजाकडे पुन्हा फिरकली नाही.

किमतीबद्दल थोडक्यात. अमेरिकेत हा सेट जवळपास ६३० डॉलरना आला आणि नंतर त्याची किंमत ६८० डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. आपल्याकडे खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले, तेव्हा असा सेट इथे येईपर्यंत त्याचे काय होत असेल ते सांगायला नको. मी माझा सेट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. त्याने 'काळजीपूर्वक पॅकिंग' म्हणून जे कबूल केले होते ते प्रत्यक्षात एक खाकी कागद आणि चिकटपट्टी एवढेच निघाले, आणि खोक्याचा एक कोपरा असा चेपला होता की कुरियरवाला स्वतःच म्हणाला, "साहेब, फोटो काढून ठेवा." आतले सामान सुदैवाने शाबूत होते. ज्यांना खोके जपून ठेवायचे असते त्यांनी शक्य असेल तर दुकानातून स्वतः उचलून आणावे. मात्र सोबत एक माणूस न्यावा, कारण हे खोके एकट्याने जिना चढवण्याच्या लायकीचे नाही.

बांधायला आम्ही दोघे होतो, मी आणि अण्णा. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षे फिटर होते, आणि निवृत्तीनंतर त्यांचे हात रिकामे राहिलेले मला पाहवत नव्हते, हेही हा सेट घेण्यामागचे एक कारण होते. त्यांनी खोक्यावरचे चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "हे नुसतं वरून जहाज आहे, की आतून पण आहे?" मला वाटते, या सेटबद्दल विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच.

कामाची तयारी ही या छंदातली अर्धी लढाई असते. तुकडे क्रमांक घातलेल्या पिशव्यांत येतात आणि एका वेळी एकच क्रमांक फोडायचा असतो, तरीही एका पिशवीत शे-दोनशे तुकडे सहज निघतात. आम्ही मोठे तुकडे पोह्याच्या ताटल्यांत आणि बारीक तुकडे आईच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवले. सात वाट्यांत सात प्रकार, आणि झाकण लावले की रात्री मांजराची भीती नाही. महागड्या कप्प्यांच्या ट्रेपेक्षा ही व्यवस्था मला सरस वाटली, फक्त डबा आधी धुऊन उन्हात वाळवावा, नाहीतर पांढऱ्या तुकड्यांना हळदीचा डाग पडतो. आमच्या एका तुकड्याला तो पडला आणि तो तुकडा आता एका केबिनच्या मागच्या भिंतीत कायमचा बंद आहे.

सुरुवात तळापासून होते. पहिले काही दिवस हातात जहाजासारखे काहीच येत नाही. लांबच लांब तुळया, त्यांना आडवे जोड, मध्ये भक्कम चौकटी. इथे अण्णांना आपली भाषा सापडली. त्यांचे बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेले, तिथे होडी बांधताना आधी पठाण घालतात, म्हणजे बुडाचा तो लांब कणा, आणि मग त्यावर बाकीचा सांगाडा उभा राहतो. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पठाण सरळ असेल तर पुढचं सगळं सरळ." लेगोच्या रचनाकारांनीही हा भाग कंजुषी न करता केला आहे. एवढ्या लांबीचे प्लास्टिकचे काम मध्ये वाकण्याची भीती असते, आणि म्हणूनच जहाज तीन भागांत करून प्रत्येक भागाला आतून असा कणा दिला आहे की तो दोन टोकांना धरून उचलला तरी कुरकुरत नाही. तयार जहाजात यातले काहीही दिसत नाही.

त्यानंतर येतात बॉयलर आणि इंजिने, आणि माझ्या मते हाच या सेटचा गाभा आहे. मूळ जहाजात २९ बॉयलर होते आणि त्यांच्या १५९ भट्ट्यांत कोळसा ओढणारे शेकडो लोक पाळ्यांनी राबत असत. सेटमध्ये त्यांपैकी एका बॉयलर-खोलीची झलक दिली आहे, ती तुकडे मोजले तर किरकोळ, पण इतक्या लहान आकारात बॉयलरची गोलाई आणि पुढची भट्टी कळते हे विशेष. इंजिनाची गोष्ट याहून पुढची आहे. मूळ जहाजाची दोन वाफेची इंजिने प्रत्येकी चार सिलिंडरची आणि जवळजवळ चार मजली उंच होती आणि ती जहाजाला पाण्यात ढकलणारे दोन बाजूंचे पंखे फिरवत. त्यांतून बाहेर पडणारी, जोर ओसरलेली वाफ वाया न घालवता एका टर्बाइनमध्ये सोडलेली असे, आणि त्या टर्बाइनवर मधला तिसरा पंखा चाले. या टर्बाइनला उलट फिरण्याची सोय नव्हती, त्यामुळे जहाज मागे घ्यायचे झाले की मधला पंखा नुसता थांबलेला. हे सगळे मला अण्णांनी सांगितले, दोन्ही हातांत लेगोचे दांडे धरून.

सेटमध्ये जहाजाचा पंखा बोटाने फिरवला की आतल्या इंजिनांचे दट्टे वरखाली होतात. वाचताना ही गंमत किरकोळ वाटेल. पण बांधताना आधी दांडे, मग त्यांवरचे वाकडे जोड, मग दट्टे, अशी ती साखळी एकेक करून बसवावी लागते, आणि एखादा दांडा अर्ध्या मिलिमीटरनेही जास्त आत दाबला गेला तर सगळे घट्ट होऊन अडकते. आमचे अडकले. मी तुकड्यांना दोष देऊ लागलो होतो, पण अण्णांनी कानाजवळ धरून हळूच फिरवले, कुठे अडते ते बोटाला जाणवेपर्यंत थांबले, एक बुशिंग, म्हणजे दांड्यावर बसणारी बारीक कडी, केसभर बाहेर ओढले आणि दट्टे पाण्यासारखे चालू लागले. "शाफ्टला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते," एवढेच ते म्हणाले. चौतीस वर्षे त्यांनी नेमके काय केले हे मला त्या संध्याकाळी जेवढे कळले तेवढे आधी कधी कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुस्तिकेच्या पुढच्या पानाने या इंजिनांवर मजला टाकायला सांगितले, आणि अण्णांनी तो टाकण्याआधी पंखा आणखी पाच-सहा वेळा फिरवून घेतला.

यापुढचा भाग कंटाळवाणा आहे, आणि तो सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. जहाजाच्या दोन्ही बाजू, त्यांतल्या गोल खिडक्यांच्या रांगा, पुन्हा बाजू, पुन्हा रांगा. पुस्तिका सांगते की हाच भाग आता आरशात पाहिल्यासारखा उलट करा, आणि मग त्याच्या शेजारचा, आणि मग त्याचाही उलटा. हे काम डोके लावण्याचे नाही, बसून राहण्याचे आहे. काही लोकांना यातच शांती मिळते असे मी ऐकतो, आणि पापड लाटताना बायकांच्या गप्पा जशा रंगतात तशा आमच्याही रंगल्या हे मान्य करतो, पण एकट्याने रात्री अकरानंतर हे करत बसणाऱ्याला मी शांती मिळालेली पाहिलेली नाही. इथे माझे एक गाऱ्हाणे छपाईबद्दलही आहे: काळ्या तुकड्यांवर काळे तुकडे बसवण्याच्या पायऱ्या कागदावर ओळखणे ट्यूबलाइटखाली अवघड जाते. आम्ही शेवटी अण्णांचा वाचनाचा टेबललॅम्प आणि भिंग घेऊन बसलो.

या भागातच आमच्या हातून चूक झाली. डाव्या बाजूची एक पट्टी एका बटणाने पुढे बसली, आणि ते लक्षात आले ते चाळीस पायऱ्यांनंतर, जेव्हा समोरासमोर येणारी दोन छिद्रे समोरासमोर आली नाहीत. मी म्हटले, ढकलून बसवू, कोणाला दिसणार आहे. अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले की मी निमूटपणे तुकडे काढण्याची नारिंगी पट्टी हातात घेतली. दीड तास उलगडण्यात गेला. लेगोचा खरा कस अशा वेळी लागतो असे मला वाटते, कारण उलगडून पुन्हा बसवलेले तुकडे पहिल्याइतकेच घट्ट बसले. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात सुतारकाम करणाऱ्या ओले कर्क क्रिस्तियान्सेन यांनी १९३२ साली लाकडी खेळण्यांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने आताच्या पद्धतीच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी जानेवारी १९५८ मध्ये अर्ज केला, आणि त्या काळातला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. साच्याची ही नेमकेपणाची शिस्त म्हणजेच आपण मोजतो त्या पैशांचा मोठा भाग. स्वस्तातल्या नकली सेटमधले तुकडे मी एकदा हाताळले आहेत. पन्नास तुकड्यांपर्यंत फरक कळत नाही, पाचशेव्या तुकड्याला भिंत तिरकी झालेली असते.

रचनेतली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती एकदा समजली की या सेटकडे पाहण्याची नजर बदलते. ३.२ मिलिमीटरच्या पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची लांबीही बरोबर १६ मिलिमीटर. म्हणजे पाच पट्ट्यांची चळत आडवी करून दोन बटणांच्या जागेत तंतोतंत बसवता येते. ठोकळे नेहमी खालून वर रचायचे असतात ही लहानपणची समजूत या हिशेबाने मोडते; नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाकडची, आणि मागच्या बाजूची गोलाई साधताना बटणे आकाशाकडे न पाहता समुद्राकडे पाहतात. प्रौढांसाठी काढलेल्या लेगोच्या मोठ्या सेटमध्ये हे तंत्र सर्रास वापरतात, पण इथे ते ज्या प्रमाणात आणि ज्या लपवाछपवीने वापरले आहे ते पाहून सलाम ठोकावासा वाटतो. अर्थात तेही झाकलेच जाते. गोलाई दिसते, ती कशी झाली ते दिसत नाही.

पहिल्या वर्गाचा भव्य जिना, जेवणाची खोली, निरनिराळ्या वर्गांच्या केबिन, पोहण्याचा तलाव या गोष्टी जहाजाचे भाग एकमेकांपासून वेगळे केले की उघड्या होतात. जिना सुरेख आहे. मजल्यामागून मजला उतरत जाणारी ती रचना एवढ्या अरुंद जागेत बसवणे सोपे नसणार. तलाव पाहून मात्र आई हसली, कारण तो नखाएवढा आहे. वरच्या वर्गाच्या आणि खालच्या वर्गाच्या केबिनमधला फरक रंगांतून आणि जागेतून दाखवला आहे, आणि या बाबतीत रचनाकारांनी संयम ठेवला हे मला आवडले. वर्गभेदाचे नाटक न करता ज्याला पाहायचे त्याला दिसेल एवढेच ठेवले आहे.

वरचे मजले सुरू झाले की पुन्हा मजा येते. लाकडी डेकचा फिकट रंग, बाक, हवा आत घेणारी वाकडी नळकांडी, बचावनौका. मूळ जहाजावर वीस बचावनौका होत्या आणि त्यांत मिळून ११७८ माणसांची सोय होती, जहाजावर मात्र दोन हजार दोनशेहून जास्त लोक होते. एकेक नौका बोटाच्या चिमटीत धरून बसवताना हा हिशेब डोक्यातून जात नाही. पंधराशेच्या आसपास लोक बुडाले त्या घटनेचे खेळणे करावे का, असा प्रश्न आमच्या घरात निघाला होताच. आजीच्या तोंडी टायटॅनिक नव्हती, रामदास होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसानंतर बोटीचे नाव काढले की स्वर खाली येत असे. अण्णांनी एवढेच म्हटले की रामदासचे असे जहाज कोणी बांधायला दिले तर ते हात लावणार नाहीत. मग हे कसे चालते, हे मी विचारले नाही. अंतर हे कधी मैलांचे असते, कधी वर्षांचे, आणि कधी आपल्या माणसांचे.

चार धुराडी सर्वांत शेवटी चढतात आणि तेव्हा जहाज एकदम ओळखू येते. पिवळसर तपकिरी रंग आणि वर काळा पट्टा, किंचित मागे झुकलेली. चौथे धुराडे बॉयलरांच्या धुरासाठी नव्हते, मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होते, हे आता बहुतेकांना ठाऊक असते, पण अण्णांना नवे होते आणि त्यांना ते फारसे पटले नाही; तीन पुरत असताना शोभेसाठी चौथे उभे करणे गोदीच्या माणसाला उधळपट्टी वाटते. डोलकाठ्यांमधल्या दोऱ्या ताणून बसवण्याचे काम नाजूक आहे. ताण कमी-जास्त करण्याची सोय सेटमध्येच दिली आहे आणि ती उपयोगी पडते, पण घाई केली की दोरी शेजारच्या धुराड्याला अडकून एखादा तुकडा उडतो. नांगर खालीवर करता येतो, तोही करून पाहावा, एकदाच. त्यात पुढे रस राहत नाही.

आम्हाला सगळे मिळून दहा आठवडे लागले, बहुतेक शनिवार-रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी. घाई करणारा महिनाभरात संपवू शकेल, पण तसे करण्यात काय साधते हे मला कळत नाही, कारण या सेटचे पैसे वसूल होतात ते बांधण्याच्या तासांत. जागेचा विचार मात्र खोके मागवण्याआधी करायला हवा, जो आम्ही केला नाही. आमचे जेवणाचे टेबल चार फुटी, म्हणजे १२२ सेंटिमीटरचे. तीन भाग जोडून जहाज ठेवले तेव्हा नाळ टेबलाच्या बाहेर आली आणि दोन दिवस जेवणाच्या ताटांना दुसरीकडे जावे लागले. शेवटी बैठकीच्या खोलीत दूरदर्शनसंचाखालचे लांब कपाट मोकळे करून तिथे त्याची स्थापना झाली. पुण्या-मुंबईच्या घरांत धूळ ही दुसरी अडचण. एवढ्या बारीक काठ-कोपऱ्यांची वस्तू उघडी ठेवली की महिन्याभरात डेक करडा होतो, आणि ओल्या फडक्याने पुसायला जावे तर बाक आणि नळकांडी हाती येतात. रंगाचा मऊ ब्रश आणि फुंकणी पुरते, पण दर पंधरवड्याला. बाजारात मिळणारी तयार पारदर्शक पेटी जवळजवळ आणखी एका सेटच्या किमतीची असल्याने आम्ही नेमप्लेट बनवणाऱ्या एका कारागिराकडून साधी अॅक्रिलिकची पेटी करून घेतली. ती पुढून उघडते, आणि तसा दरवाजा ठेवायला विसरू नये, कारण भाग वेगळे करून आत पाहायचे तर जहाज बाहेर काढावे लागते.

इथेच माझी एक मोठी तक्रार आहे, आणि ती रचनेबद्दल आहे. आतले एवढे काम पाहायचे तर जहाज दोन ठिकाणी तोडल्यासारखे वेगळे करायचे, आणि तसे ठेवले की ते जहाज राहत नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी यावर शेरा मारला: "खरी दोन तुकडे होऊन बुडाली, यांनी तीन केले." समुद्रतळाशी १९८५ साली सापडलेले अवशेष खरोखरच दोन मोठ्या भागांत आहेत, त्यामुळे विनोद जरा काळाच होता, पण मुद्दा बरोबर आहे. एका बाजूची भिंत काढून बाजूला ठेवता आली असती, तर जोडलेल्या जहाजातही इंजिने दिसली असती. तसे करताना मजबुती कमी झाली असती हे मला कळते. पठाण आणि दोन्ही बाजू मिळूनच तर ते उभे आहे. तरीही पाहुण्यांना दाखवायची वेळ येते तेव्हा मी दर वेळी तेच वाक्य म्हणतो, की आत इंजिने आहेत, आणि पाहुणे दर वेळी मान हलवून धुराड्यांकडे पाहतात.

म्हणून घेणाऱ्यांना सांगणे असे. दिवाणखान्यात मांडायला भव्य वस्तू हवी असेल, तर या पैशांत तयार लाकडी प्रतिकृती मिळेल आणि तिला दोन महिने द्यावे लागणार नाहीत. यापूर्वी हजार-दीड हजार तुकड्यांचे काही बांधले नसेल तर सुरुवात इथून करू नये. मधल्या कंटाळवाण्या पट्ट्यात सोडून दिलेले अर्धे जहाज माळ्यावर पडून राहते आणि ते विकायला काढले की निम्मी किंमतही येत नाही. लहान मुलांसाठी तर मुळीच नाही. ज्यांना यंत्र कसे चालते, वजन कुठे तोलले जाते, एखादा भाग तिथेच का आहे हे स्वतःच्या हाताने कळून घ्यायचे आहे, आणि ते कळल्यावर त्यावर झाकण पडणार याचे वाईट वाटत नाही, त्यांनी पैसे साठवावेत. शक्य असेल तर सोबत कोणीतरी असावे, आणि त्या कोणीतरीला यंत्रांतले थोडे कळत असावे.

पिशव्यांत बारीक तुकडे एकदोन जास्त घालण्याची या कंपनीची पद्धत आहे, त्यामुळे जहाज पूर्ण होऊनही आमच्याकडे मूठभर तुकडे उरले. ते मसाल्याच्या डब्याच्या मधल्या वाटीत आहेत. आईने डबा परत मागितला आहे, आणि अण्णा म्हणतात की इंजिनाकडचा एक दांडा अजून त्यांना पुरता सरळ वाटत नाही, तेव्हा मजला एकदा उघडून पाहीपर्यंत वाटी तशीच राहू दे.